गच्चीच्या फरशीखाली काय घालावे? विदर्भातील वरच्या मजल्याच्या खोलीसाठी थरांची निवड आणि कामाची पद्धत

विदर्भातल्या खेड्यांत कवेलूची आणि धाब्याची घरे उतरवून त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, पण त्या बदलात घराच्या डोक्यावरचा मातीचा जाड थर गेला आणि त्याची जागा घेणारे दुसरे काहीच आले नाही. सागाच्या नाटांवर फळ्या, त्यावर तुराटी किंवा पऱ्हाटी आणि त्यावर हातभर पांढरी माती असलेले धाब्याचे घर नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांतही, राहण्याजोगे असे. पाच इंची स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली मात्र एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत दुपारीच नव्हे तर रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी धगधगत राहते. कुलर लावला तरी हवा तेवढी गार होते आणि छताची धग अंगावर येतच राहते. या खोलीत बहुधा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात किंवा खालच्या घरात जागा नाही म्हणून वर पाठवलेली म्हातारी माणसे असतात, म्हणून हा विषय मला केवळ सोयीचा वाटत नाही.

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकतात, आणि वरच्या मजल्यावर हे काम करताना त्या नळ्यांच्या खाली उष्णता अडवणारा थर घालतात, म्हणजे ऊब खाली न जाता वर खोलीत येते. आपल्याकडे हीच रचना उलटी लागते. सूर्य वरून तापवतो, स्लॅब खालच्या खोलीला तापवतो, म्हणून अडवणारा थर स्लॅबच्या वर आणि गच्चीच्या फरशीच्या खाली असला पाहिजे. साहित्य बरेचसे तेच असते. फरक क्रमाचा असतो, आणि बहुतेक चुका या क्रमातच होतात.

कोबा म्हणजे उष्णतारोधक थर नव्हे

गावातला जवळपास प्रत्येक मिस्त्री सांगतो की विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे मसाल्यात बसवलेल्या तुकड्यांचा थर, गच्चीवर टाकला की खोली थंड राहील. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या घरावर आम्हीही याच भरवशावर चार इंच कोबा टाकला. गळती थांबली, धग मात्र थांबली नाही. त्याचे कारण साध्या हिशेबात सापडते. उष्णता किती सहज आरपार जाते हे सांगणारा आकडा काँक्रीटसाठी सुमारे १.५८ आहे आणि विटेसाठी सुमारे ०.८१, म्हणजे वीट काँक्रीटच्या दुप्पट अडवते, इतकेच. दाट थर्माकोलचा तोच आकडा ०.०३५ च्या आसपास आणि एक्सपीएस या रंगीत, घट्ट फोमच्या पाट्यांचा सुमारे ०.०३ असतो. म्हणून दोन इंचांची एक्सपीएस पाटी जे काम करते ते कोब्याकडून करून घ्यायचे झाले, तर चार फुटांहून जाड कोबा लागेल.

हाच हिशेब खोलीला लावून पाहू. पाच इंच स्लॅब आणि खालून गिलावा असेल, तर छताच्या दोन बाजूंच्या हवेत एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमधून सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. चार इंच कोबा टाकल्यावर हा आकडा सुमारे २.३ होतो. त्याच कोब्यावर एक इंच एक्सपीएस घातले तर तो ०.८ पर्यंत आणि दोन इंच घातले तर ०.५ पर्यंत उतरतो. दुपारी उन्हात वरचा पृष्ठभाग ६० अंश आणि खोली ३५ अंश धरली, तर बारा बाय बारा फुटांच्या खोलीत उघड्या स्लॅबमधून ढोबळमानाने ११०० वॅट उष्णता उतरते, म्हणजे छताला एक हजार वॅटचा हीटर टांगल्यासारखेच झाले. कोब्याने ती पावणेआठशेवर येते, दोन इंच एक्सपीएसने पावणेदोनशेच्याही खाली. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत निवासी छतासाठी याच ३.३, २.३ च्या मापात १.२ ही कमाल मर्यादा दिलेली आहे. गावातल्या घराला ती कोणी लावायला येत नाही, तरी आपला थर पुरेसा आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो चांगला मापदंड आहे.

पहिली पायरी: स्लॅब काय झेलू शकतो ते पाहणे

साहित्य निवडण्याआधी वजन ठरवावे लागते, आणि या पायरीवर घाई करू नये असे मी कळकळीने सांगतो. चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर तो अकरा टनांच्या आसपास जातो. गच्ची वापरती असेल तर तिच्यावरच्या माणसांचा आणि सामानाचा भार भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास धरलेला असतो. स्लॅब बांधताना कोब्याचा विचार केला होता की नाही, हे खेड्यातल्या पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते, कारण नकाशा आणि सळईचा तक्ता जपून ठेवलेला नसतो. शिवाय आपली घरे कापसाच्या काळ्या जमिनीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायवा उथळ असेल तर वर टाकलेले जास्तीचे वजन भिंतींत तिरप्या भेगांच्या रूपाने दिसू लागते.

खालून छत नीट पाहावे. सळईच्या रेषेत तपकिरी डाग, गिलाव्याचा फुगवटा, मधोमध झोळ किंवा तुळईत भेग दिसत असेल तर काम तिथेच थांबवून बांधकाम अभियंत्याला दाखवावे. वर जाऊन हलक्या हातोडीने जुना कोबा ठोकत फिरावे. ठणठणीत आवाज आला तर कोबा स्लॅबला धरून आहे, आणि ढबढब पोकळ आवाज आला तर तो सुटला आहे व त्याच्याखाली पाणी फिरते आहे.

सुटलेला कोबा काढून टाकणे हा खर्च वाटतो, पण त्यात एक मोठा फायदा दडलेला असतो. कोब्याचे २०० किलो उतरले की त्या जागी फोमच्या पाट्या, दोन इंच काँक्रीट आणि वरची फरशी मिळून सुमारे १५० किलो येतात. म्हणजे घर थंड होते आणि छतावरचे ओझेही हलके होते. याउलट धड कोब्यावरच हे सगळे चढवायचे असेल, तर एकूण वजन ३५० किलोपर्यंत जाते, आणि ते अभियंत्याच्या होकाराशिवाय करू नये. स्लॅब चार इंची, जुना किंवा शंकास्पद असेल तर कोणताही जड थर न घालता केवळ पांढरा लेप आणि सावली यांवर समाधान मानावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी पायरी: साहित्य निवडणे

माझ्या मते बहुतेक घरांसाठी एक्सपीएस पाटी हा पहिला पर्याय आहे. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, दोन इंच जाडीच्या पाटीचे वजन चौरस मीटरला दोन किलोही नसते आणि तिची दाब सहन करण्याची ताकद साधारण २०० ते ३०० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला २० ते ३० टन असते. त्यामुळे वर माणसे चालली, तुरीची पोती ठेवली किंवा लग्नाचा मांडव पडला तरी ती दबत नाही. तालुक्याच्या दुकानात ती सहसा मिळत नाही, नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून मागवावी लागते. ट्रकमध्ये जागा फार व्यापते, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून मागवली तर भाडे परवडते.

थर्माकोल स्वस्त पडतो आणि तो चालतोही, पण तो दाट असला पाहिजे. टीव्हीच्या खोक्यात येणारा भुसभुशीत थर्माकोल फरशीखाली घातल्यामुळे वर्षभरात फरशा हलू लागल्याचे आणि सांध्यांतून पाणी उतरल्याचे मी आमच्या गावात पाहिले आहे. घनता तपासायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड पाटीचे वजन अर्धा किलो भरले, तर तिची घनता घनमीटरला २० किलो आहे. पाव किलोच भरले तर ती पाटी परत करावी. एक्सपीएसची १२५० बाय ६०० मिलिमीटरची ५० मिलिमीटर जाड पाटी सव्वा किलोच्या आसपास भरायला हवी. थर्माकोल आणि एक्सपीएस या दोन्ही गोष्टी पेट्रोल, थिनर आणि थिनर मिसळलेल्या डांबरी रंगाने विरघळतात आणि साधारण ७५ ते ८० अंशांना मऊ पडतात. त्यामुळे त्या उन्हात उघड्या ठेवू नयेत, त्यांच्यावर ज्योतीने चिकटवायचा डांबरी कागद लावू नये आणि कामाच्या वेळी त्यांच्याजवळ विडी किंवा वेल्डिंग नको.

फेसाळ काँक्रीट, म्हणजे फेस मिसळून हलके केलेले सिमेंटचे मिश्रण, चार इंच टाकले तर चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास भरते आणि छतातून येणाऱ्या उष्णतेचा आकडा (उघड्या स्लॅबचा ३.३) एकच्या जवळ आणते. त्यातच पाण्याचा उतारही काढता येतो, ही त्याची खरी सोय आहे. मात्र त्यासाठी यंत्र आणि जाणते हात लागतात. बादलीत साबणाचा फेस करून हे काम होत नाही, म्हणून ठेकेदार यंत्र घेऊन येणार असेल तरच त्याचा विचार करावा. हलक्या राखाडी एएसी विटा चार इंच आडव्या मांडूनही जवळपास तेवढाच परिणाम मिळतो, पण त्या पाणी शोषतात आणि भिजल्या की त्यांचा गुण जातो, त्यामुळे त्यांच्या खाली आणि वर अशा दोन्ही बाजूंनी पाणीरोधक थर हवा.

कुटार म्हणजे भुसा मिसळलेल्या मातीचा दाबलेला थर आणि त्यावर विटेच्या टाइल्स ही पद्धत धाब्याच्या छताची थेट वारसदार आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तीन इंच माती आणि दोन इंच विटेने तोच उष्णतेचा आकडा २ च्या थोडा खाली येतो, म्हणजे ती नुसत्या कोब्यापेक्षा बरी आहे, परंतु वजन २०० किलोच्या वर जाते आणि दर उन्हाळ्यात सांधे भरावे लागतात. भंडारा-गोंदियाकडे धानाचे तूस मुबलक असल्याने ते फरशीखाली पसरण्याचा मोह होतो. पहिल्या गळतीला ते कुजते आणि उधळीला (वाळवीला) घर मिळते, म्हणून ते टाळावे. उलटी मडकी मांडून मधल्या जागा काँक्रीटने भरण्याची युक्तीही अधूनमधून सुचवली जाते. मडक्यातली हवा उष्णता अडवते हे खरे, पण मडक्यांमधल्या काँक्रीटमधून ती बिनबोभाट खाली उतरते आणि वजन कोब्याइतकेच होते.

खोलीच्या आतून पीओपीचे छत लावण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तो पर्याय सगळ्यांना सोपा वाटतो. त्याने काही फरक पडतो, पण स्लॅब स्वतः तापतच राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो आणि त्याच्या भेगा वाढतात. थर वरून घातला तर खोलीबरोबर स्लॅबही वाचतो.

तिसरी पायरी: उंचीचा हिशेब

दोन इंच पाटी, दोन इंच काँक्रीट आणि वरची फरशी मिळून गच्ची साडेचार इंचांनी उंच होते. जिन्याच्या दाराचा उंबरा त्याहून कमी असेल तर पावसाचे पाणी जिन्यात शिरेल, म्हणून उंबरा आधी वाढवून घ्यावा. कठडाही तेवढाच बुटका होतो. काम संपल्यावर तो साडेतीन फुटांपेक्षा कमी उरत असेल तर त्यावर पाइपाचे कठडे बसवावेत, कारण आपल्याकडे गच्चीवर मुले खेळतात आणि उन्हाळ्यात सारे घर वर झोपते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष काम

हे काम दिवाळी ते होळी या काळात करावे. मे महिन्यात काँक्रीट पाणी धरत नाही, विहिरी आटलेल्या असतात आणि तराईसाठी, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, पाणी मिळत नाही. जूनमध्ये वादळी पाऊस अर्धवट कामावर येतो.

स्लॅब खरवडून, तारेच्या ब्रशने घासून आणि धुऊन स्वच्छ करावा. भेगा व्ही आकारात कोरून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भराव्यात. कोबा काढला असेल तर उतार नव्याने काढावा लागतो. उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंचाच्या आसपास असावा आणि तो पाण्याच्या नळीने तपासावा, डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नये. गच्ची लहान असली तरी पाणी जाण्यासाठी दोन पाइप ठेवावेत, कारण कडुलिंबाचा पाला एक पाइप बुजवतोच.

त्यावर सिमेंट आणि पॉलिमरचा पाणीरोधक लेप दोन हातांत द्यावा, पहिला हात उभा आणि दुसरा आडवा, आणि तो कठड्यावर एक फूट वर चढवावा. कठडा व गच्ची यांच्या कोपऱ्यात मसाल्याचा गोल वाटा करावा. लेप वाळल्यावर पाइप बुजवून दोन इंच पाणी साठवावे, ४८ तास तसेच ठेवावे आणि खालच्या खोलीचे छत सकाळ-संध्याकाळ पाहावे. ही परीक्षा कधीही टाळू नये. पाट्या आणि काँक्रीट वर बसल्यानंतर गळती निघाली तर ती कुठून येते हे शोधणे जवळजवळ अशक्य होते, कारण पाणी एका ठिकाणी शिरते आणि दहा फुटांवर टपकते.

परीक्षा पार पडली की पाट्या विटेच्या बांधकामासारखे सांधे चुकवून, एकमेकींना घट्ट भिडवून मांडाव्यात. पायरीदार काठांच्या पाट्या मिळाल्या तर सांध्यातून उष्णता उतरत नाही. सपाट काठांच्या असतील तर एक इंचाचे दोन थर करून वरच्या थराचे सांधे खालच्या थरावर येऊ देऊ नयेत. पाट्या खाली डगमगत असतील तर तिथला उंचवटा घासून काढावा, कारण पोकळीवर बसलेली पाटी वरच्या काँक्रीटला भेग पाडते. पाट्यांवर न विणलेले जाड कापड किंवा प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे सिमेंटचा रस सांध्यांत उतरत नाही.

त्यावर बारीक गिट्टीचे दोन इंच काँक्रीट टाकावे आणि त्याच्या मधोमध जाळी घ्यावी. कामगार जाळी खाली अंथरून वरून काँक्रीट ओततात, तेव्हा ती तळाशी राहते आणि तिचा काहीच उपयोग होत नाही. सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवून ती उचलून धरावी. गच्ची आठ ते दहा फुटांच्या चौकोनांत वाटून सांधे सोडावेत आणि कठड्याभोवती अर्धा इंच जागा मोकळी ठेवून ती लवचिक सीलंटने भरावी, नाही तर उन्हात फुगलेले काँक्रीट कठड्याला बाहेर ढकलते. या कामात रेती, गिट्टी आणि सिमेंटची पोती गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवू नयेत. एक ब्रास (शंभर घनफूट) रेती चार टनांच्या वर भरते. ढीग भिंतींच्या आणि तुळयांच्या वर, थोडा थोडा पसरून ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून मातीची आळी करून सात ते दहा दिवस पाणी भरून ठेवावे.

पाचवी पायरी: वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवणे

खाली कितीही चांगली पाटी असली तरी वर लाल किंवा काळपट फरशी घातली तर अर्धे काम वाया जाते. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी उत्तम, कारण ती ऊन परतवते, पाणीही अडवते आणि वर्षानुवर्षे टिकते. तुकड्यांच्या कडा घासून घ्याव्यात, विशेषतः त्यावर कुरड्या, पापड आणि मिरच्या वाळत घालायच्या असतील किंवा अनवाणी वावर असेल तर. मोठ्या पांढऱ्या टाइल्स पावसात निसरड्या होतात, म्हणून खरखरीत पृष्ठभागाच्या घ्याव्यात.

थराची गच्ची वापरताना एक वेगळेपण जाणवते. पाट्यांमुळे उष्णता खाली उतरत नसल्याने दुपारी वरची फरशी पूर्वीपेक्षा जास्त तापलेली वाटते, पण तापण्यासारखे काँक्रीट दोनच इंच असल्याने सूर्य मावळल्यावर ती लवकर निवते. संध्याकाळी लवकर अंथरूण टाकणाऱ्या घरांना हा फायदा मोठा आहे. पूर्वी गच्ची निववण्यासाठी बादल्या भरभरून शिंपडले जाणारे पाणीही वाचते.

ज्यांच्या स्लॅबला वजन सोसणार नाही त्यांनी कळीच्या चुन्यात चिकट द्रव मिसळून दोन हात द्यावेत. चुना कालवताना डोळे आणि हात जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. हा लेप एक उन्हाळा टिकतो व पावसात धुतला जातो. त्याऐवजी छतासाठीचा पांढरा ऊन परतवणारा रंग वापरला तर तो काही वर्षे चालतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले त्यात अशा पांढऱ्या पृष्ठभागांनाच महत्त्व आहे. याच्या जोडीला गच्चीवर सात फुटांवर हिरवी शेडनेट ताणली तर फरक लगेच कळतो. मात्र मेअखेरच्या वादळाआधी ती सैल करून उतरवता येईल अशीच बांधावी, कारण गुंतलेली जाळी कठड्याच्या विटा सोबत घेऊन जाते.

काम झाल्यावर परिणाम तपासण्यासाठी एप्रिलमधल्या एखाद्या कडक दिवशी रात्री नऊ वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावावा, आणि तसाच तो शेजारच्या, थर नसलेल्या खोलीच्या छतालाही लावावा. दोन्हीकडे सारखीच धग जाणवली तर पाट्यांचे सांधे उघडे राहिले आहेत किंवा घनता फसवी निघाली आहे, आणि ठेकेदाराची शेवटची रक्कम द्यायच्या आत हे कळलेले बरे. त्यानंतर दरवर्षी मृग नक्षत्र लागण्याआधी पाइपांतला पाला काढावा, चौकोनांमधले सीलंट तडकले असेल तर भरून घ्यावे आणि पांढऱ्या फरशीवर साचलेली धूळ व शेवाळ घासून धुवावे.